न्यूयॉर्क बंदरात शिडाच्या जहाजावर वाईन-टेस्टिंग: तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळा म्हणजे भारतातून आलेल्या आईबाबांचा, सासूसासऱ्यांचा आणि ‘सहज आलोय’ म्हणणाऱ्या मित्रांचा मोसम. त्यांना स्टॅच्यू ऑफ लिबर्टी दाखवायचाच असतो, आणि तो बहुधा भर दुपारी, तपासणीच्या रांगेत घामाघूम होऊन दाखवला जातो. तोच पुतळा संध्याकाळी, दोन डोलकाठ्यांच्या जहाजावरून, चार-पाच वाईन चाखत पाहता येतो. ही संध्याकाळ स्वस्त नसते, म्हणून ती नीट जमवायची कशी ते क्रमाने सांगतो.

आधी अपेक्षा जागेवर आणू. ही शिडाची सफर आहे आणि तिच्यात थोडी वाईन आहे. नाशिकला एखाद्या वाईनरीत टेस्टिंग केलं असेल, तर तिथली स्थिर हवा, सारखा उजेड आणि टेबलावरचं थुंकायचं भांडं विसरून जा. इथे वारा वास पळवतो, उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो आणि पायाखालची फळी कलते. या तिन्हींचा अंदाज बांधून गेलात तर वाईनही कळते आणि बंदरही दिसतं.

जहाज निवडताना

न्यूयॉर्कात पर्यटकांना नेणारी शिडाची जहाजं बरीच आहेत, पण ‘सेल’ (sail, म्हणजे शीड) हा शब्द पाहून पैसे भरू नका. काही नावांत तो नुसता शोभेला असतो. आपल्याला हवी ती स्कूनर. तिला दोन किंवा जास्त डोलकाठ्या असतात, शिडं जहाजाच्या लांबीला धरून लावलेली असतात आणि दोन काठ्यांच्या स्कूनरवर मागची काठी पुढचीइतकी किंवा तिच्याहून उंच असते.

या शहराचं आणि स्कूनरचं नातं पोटापाण्याचं. एकोणिसाव्या शतकात बंदराच्या तोंडाशी असलेल्या सँडी हुकपलीकडून येणाऱ्या मोठ्या जहाजांना बंदरात आणायला वाटाडे लागत, आणि जो वाटाड्या आधी पोहोचेल त्याला काम मिळे. म्हणून इथल्या पायलट स्कूनर बांधल्या जात त्या वेगासाठी. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकणारी ‘अमेरिका’ ही स्कूनर याच घडणीतली, न्यूयॉर्कातच बांधलेली. शिडाच्या शर्यतीच्या ‘अमेरिकाज् कप’ला ते नाव तिच्यावरूनच पडलं.

आज चेल्सी पियर्सवरून निघणारी ‘अ‍ॅडिरॉन्डॅक’ ही त्या पायलट स्कूनरच्या धर्तीवर अलीकडे बांधलेली. बॅटरी पार्क सिटीच्या नॉर्थ कोव्ह धक्क्याशी नाव जोडलेली ‘शिअरवॉटर’ मात्र खरोखरची जुनी: १९२९ मध्ये मेन राज्यात बांधलेली, ८२ फुटी. ‘क्लिपर सिटी’ बरीच मोठी, लाकूड वाहणाऱ्या जुन्या स्कूनरची प्रतिकृती. तिच्यावर माणसंही जास्त. साउथ स्ट्रीट सीपोर्ट म्युझियमची ‘पायोनियर’ १८८५ ची, लोखंडी बांध्याची, आणि जहाज म्हणून मला सगळ्यांत जास्त आवडते. पण ती म्युझियमची आहे, तिथे वाईनतज्ज्ञ शोधायला जाऊ नका. आपलं खाणंपिणं आणू देतात का, एवढं विचारून घ्या.

वाईन चाखायची असेल तर माझं मत लहान जहाजाकडे झुकतं. वाईनबद्दल सांगणाऱ्याचा आवाज वाऱ्यात दहा-बारा फुटांपलीकडे ऐकू येत नाही, आणि शंभर माणसांत तो फक्त पुढच्या दोन बाकांपुरता बोलतो. वेळापत्रकं मोसमागणिक बदलतात, तेव्हा ‘सनसेट सेल’ आणि ‘वाईन टेस्टिंग सेल’ या दोन वेगळ्या सफरी असू शकतात हे लक्षात ठेवून तिकीट काढा. पहिलीत एखादा ग्लास मिळतो, दुसरीत क्रमाने वाईन चाखवतात.

तारीख ठरवणं: सूर्य, वारा आणि भरती

मोसम साधारण मे ते ऑक्टोबर. जूनच्या मध्यावर न्यूयॉर्कात सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, सप्टेंबरअखेर पावणेसातला आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहाच्या जरा नंतर. सफर दीड-दोन तासांची असते. सूर्यास्त सफरीच्या शेवटच्या तृतीयांशात यावा असं पाहा, म्हणजे उजेडात निघून दिव्यांत परत याल.

उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून, म्हणजे दक्षिणेकडून, वारा सुटतो आणि सूर्य कलला की बऱ्याचदा पडतो. त्यामुळे जुलैत अगदी उशिराची सफर घेतलीत तर शिडं लोंबकळतील आणि इंजिन लावून परत यावं लागेल. यात फसवणूक काही नाही. या सगळ्या जहाजांना इंजिन असतं, आणि हडसनच्या तोंडाशी पाण्याला दोन नॉटच्या (नॉट हे जहाजी वेगाचं माप; दोन नॉट म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर) आसपास ओढ असताना वाऱ्याची वाट पाहत बसणं कुणालाच परवडत नाही. मला विचाराल तर सप्टेंबरातला आठवड्याच्या मधला वार घ्या. वारा असतो, उकाडा नसतो, शुक्रवारची गर्दी नसते. घरात श्रावण पाळणारं कुणी असेल तर त्याआधी कालनिर्णय बघा, कारण ऐन मोसमातला ऑगस्ट बहुधा त्यातच जातो.

भरतीचं गणित कुणी सांगत नाही, आणि आईबाबा बरोबर असतील तर तेच सगळ्यांत महत्त्वाचं. बहुतेक जहाजं तरंगत्या धक्क्याला लागतात. किनाऱ्यावरून तिथे जायला उतरता पूल असतो. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरीजवळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात साधारण सव्वा ते दीड मीटरचा फरक पडतो, म्हणून ओहोटीला तो पूल चांगलाच उतरता होतो. गुडघेदुखीवाल्यांना तो उतरण्यापेक्षा परतताना अंधारात चढणं जड जातं. अमेरिकी सरकारच्या ‘नोआ’ या संस्थेच्या संकेतस्थळावर ‘द बॅटरी’ हे ठाणं निवडलं की महिन्याभराच्या वेळा दिसतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा तारीख तीन-चार दिवस इकडेतिकडे केली तरी काम होतं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

किती वाईन, आणि प्रत्येकी किती? टेस्टिंगचं माप साधारण दोन औंस, म्हणजे ६० मिली. पाच वाईन म्हटल्या तर ३०० मिली होतात, म्हणजे १५० मिलीचे दोन भरलेले ग्लास. ‘चाखणं’ म्हणता म्हणता एवढं पोटात जातं हे ध्यानात असू द्या.

वाईन कुठल्या? यादीत न्यूयॉर्क राज्यातली एखादी असेल तर सफरीला अर्थ येतो. फिंगर लेक्स भागात डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी १९६२ मध्ये वाईनरी काढली आणि युरोपीय जातीची द्राक्षं इथल्या थंडीत तग धरतात हे दाखवून दिलं. तिथलं रीझलिंग, ही एक पांढरी वाईन, आज नावाजलेलं आहे. लाँग आयलंडवर पहिली व्यावसायिक द्राक्षबाग १९७३ ची, आता तिथे मर्लो आणि कॅबर्ने फ्रँक या रेड चांगल्या होतात. हडसनच्याच खोऱ्यात वॉशिंग्टनव्हिलला ‘ब्रदरहुड’ ही १८३९ पासूनची वाईनरी आहे. हडसनवर बसून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारीच कॅलिफोर्नियाची बाटली प्यायची असेल, तर साधी सनसेट सफर घ्या आणि पैसे वाचवा.

हवामानाचं काय? हलक्या पावसात किंवा वारा नसताना सफर सहसा रद्द होत नाही, विजांच्या वादळात होते. रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसऱ्या तारखेचं तिकीट, हे लेखी पाहून घ्या. पाहुण्यांचं परतीचं विमान चार दिवसांवर असेल तर दुसऱ्या तारखेचा उपयोग शून्य.

आणि शाकाहाराबद्दल आधीच कळवा. चीजच्या ताटात हॅम, सलामी शेजारीच मांडलेली असते. शिवाय बऱ्याच युरोपीय चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात; पार्मिजानो रेजानोमध्ये तर ते असतंच. काटेकोर पाळणाऱ्यांनी वेगळं ताट मागावं. काही वाईन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, तेव्हा ‘व्हीगन’ लिहिलेली बाटली आहे का हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे.

ओळखपत्र आणि औषधं

न्यूयॉर्कात दारूसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि पांढऱ्या केसांच्या माणसाकडेही ओळखपत्र मागतात. बाबांना ते अपमानास्पद वाटेल, आधीच समजावून ठेवा. भारतातून आलेल्यांनी मूळ पासपोर्ट न्यावा. आधारकार्ड किंवा पासपोर्टचा फोनमधला फोटो तिथे चालेल असं धरून जाऊ नका.

बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ड्रॅमामिनसारख्या गोळ्यांनी झोप येते आणि त्यावर दारू घेतली की गुंगी वाढते. वेष्टनावर तशी सूचनाच असते. म्हणून त्या माणसाने गोळी घ्यायची की वाईन, एकच ठरवावं. बंदरातलं पाणी खुल्या समुद्रापेक्षा बरंच शांत असतं, आणि आलेपाकाच्या दोन वड्यांवर बरीच माणसं निभावतात. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ‘एक घोट काय होतंय’ म्हणून आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रहाची सवय फार.

कपडे आणि पोट

धक्क्यावर २८ अंश असले तरी पाण्यावर सूर्य गेल्यावर हुडहुडी भरते. वारा अडवणारं जाकीट जुलैतही न्या. मऊ, सपाट तळाचे बूट हवेत; टाचांचे बूट लाकडी डेकवर घालू देत नाहीत आणि तेच बरोबर आहे. साडी चालते, पण पदर घट्ट खोचून. दोरखंड आणि मोकळा पदर शेजारी शेजारी नकोत. गडद रंग घाला, कारण रेड वाईन आणि हलतं जहाज. अत्तर, परफ्यूम मात्र अजिबात नको. शेजाऱ्याच्या नाकातला उरलासुरला वास तेच खातं.

तासभर आधी पोळीभाजी, भात असं काही साधं खाऊन जा. झणझणीत नको: तिखटाने जिभेवर दारूची जळजळ वाढते आणि नाजूक वाईन पाणी वाटते. बॅगेतून चकली काढायचा मोहही त्याच कारणासाठी आवरा. जहाजावर स्वच्छतागृह असलंच तर ते कपाटाएवढं, म्हणून धक्क्यावरच जाऊन या.

पोहोचणं

नॉर्थ कोव्हसाठी न्यू जर्सीहून नदीपार नेणाऱ्या पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून वेस्ट स्ट्रीटखालच्या भुयारी वाटेने ब्रुकफील्ड प्लेसमध्ये, आणि पलीकडच्या दाराने थेट पाण्यावर. एडिसन, मेट्रोपार्ककडून येणाऱ्यांनी न्यूअर्क पेन स्टेशनला पाथ पकडावी. चेल्सी पियर्सचं अंतर फसवं आहे: पाथचं २३ व्या रस्त्याचं स्टेशन सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर, आणि धक्का पार नदीवर. ज्येष्ठांबरोबर चालत जाऊ नका, एम २३ बस घ्या. सुटायच्या निदान अर्धा तास आधी पोहोचा. ओहोटी कुणासाठी थांबत नाही आणि कप्तानही.

जागा पकडणं

जागा बहुधा आधी येईल त्याची. जहाजाचा मधला भाग सगळ्यांत कमी हलतो, तिथे बसा. टोकाला बसलात तर फोटो चांगले येतील आणि अंगावर पाणीही येईल. शिडाखालच्या आडव्या लाकडाला, म्हणजे बूमला, जहाज वळताना डोक्याजवळून जाऊ द्यायचं असतं. खलाशी ओरडला की आधी वाका, मग कारण विचारा. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते सुरुवातीला सांगतात तेव्हा फोन खाली ठेवा. शीड चढवताना प्रवाशांना दोर ओढायला बोलावतात. ही संधी सोडू नका, पण ग्लास हातात यायच्या आधीच.

आता प्रत्यक्ष वाईन

वाऱ्याचं एक साधं गणित कळलं की अर्धं काम झालं. समजा वारा १० नॉटचा आहे आणि जहाज ५ नॉटने चाललंय. वाऱ्याकडे तिरपं चढताना तोंडावर जवळपास १४ नॉट लागतात. वारा पाठीशी घेऊन चालताना फक्त ५. उन्हाळी दक्षिण वाऱ्यात धक्क्यावरून पुतळ्याकडे जाणं म्हणजे दक्षिणेला, वाऱ्यावर चढत. परतणं म्हणजे वाऱ्याबरोबर. आणि आयोजक काय करतात? नाजूक वासाची पांढरी वाईन जाताना ओततात, दणकट रेड येताना. चाखण्याच्या नियमाने क्रम बरोबर आहे, पण वाऱ्याच्या हिशेबाने नेमका उलटा.

यावर तीन उपाय. पहिली वाईन धक्का सुटायच्या आत मिळाली तर तेव्हाच मनसोक्त हुंगून घ्या. जाताना वाऱ्याकडे पाठ करा, ग्लासच्या तोंडावर तळवा ठेवून एकदाच फिरवा आणि तळवा काढताक्षणी नाक आत घाला. तिसरा उपाय माझा आवडता: रीझलिंग किंवा सोव्हिन्यों ब्लांचा शेवटचा घोट ठेवून द्या आणि जहाज वळलं, वारा पाठीशी आला की पुन्हा हुंगा. तोवर ती थोडी कोमट झालेली असते, आणि कोमट वाईन वास जास्त सोडते. पेरू, हिरवी ढोबळी मिरची, लिंबाची साल हे वास जाताना नसतात आणि येताना असतात. त्यासाठी दुसऱ्या ग्लासाची मागणी आधीच करून ठेवा.

रंग फक्त पहिल्या एक-दोन वाईनचा पाहा. सोनेरी उन्हात ताजी पांढरी वाईनही जुनी, पिवळसर दिसते. नंतर अंधारात सगळ्या रेड सारख्याच काळ्या. त्यावरून मत बनवू नका.

घोट लहान घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, थोडी हवा आत ओढा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते मोजा. वारा नाकाला फसवतो, जिभेला नाही. म्हणून इथे आंबटपणा, तुरटपणा आणि गोडवा यांच्यावर जास्त भरवसा ठेवा. रेड पिताना हिरड्या आवळल्या, जांभूळ खाल्ल्यावर होतात तशा, तर तो टॅनिनचा, म्हणजे वाईनमधल्या तुरट द्रव्याचा, परिणाम. थंडीत टॅनिन आणखी बोचतं. ऑक्टोबरातल्या सफरीत रेडचा ग्लास तळव्यात धरून चांगला ऊबदार करा, मग प्या. जुलैत उलट: पांढरी वाईन पटकन तापते, तेव्हा गप्पांत ग्लास विसरू नका.

खारट चीजचा तुकडा मध्ये मध्ये खा. मिठाने रेडचा कडवटपणा उतरतो. ओठांवर उडालेल्या खाऱ्या पाण्याचाही तोच परिणाम होतो, त्यामुळे जहाजावर छान वाटलेली रेड घरी तितकी मवाळ न लागण्याची शक्यता गृहीत धरा. प्रत्येक वाईनमागे तितकंच पाणी प्या. गिळायची नसेल तर बादली मागा. न लाजता मागा, आणि वाऱ्याकडे तोंड करून थुंकू नका. ग्लास धरायला एक हात, जहाज धरायला दुसरा. टिपणं काढायला तिसरा नाही, म्हणून वाईनच्या क्रमांकासह दोन शब्द फोनमध्ये बोलून ठेवा.

शिडाचं जहाज आणि वाईन हा मेळ पर्यटकांसाठी जुळवलेला नाही, बरं का. मदेरा बेटावरची वाईन जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडायची आणि पिंपांतल्या पिंपांत तापून, हिंदकळून वेगळीच चव धरायची. हिंदुस्थानच्या बाजूला जाऊन परत आलेल्या पिंपांना जास्त किंमत येई. अठराव्या शतकातल्या न्यूयॉर्कात मदेरा भरपूर प्यायली जात होती. सफरीच्या शेवटी गोड वाईनची निवड दिली तर मी डोळे मिटून मदेराच मागेन.

पुतळ्याचे फोटो

पुतळ्याचं तोंड आग्नेयेला आहे. म्हणजे मावळतीचं ऊन त्याच्या पाठीवर पडतं आणि चेहरा सावलीत जातो. चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर दिवे लागेपर्यंत थांबा. आधी फक्त आकृती मिळेल, तीही सुंदर असते. खरा उजेड त्या वेळी समोर, खालच्या मॅनहॅटनच्या काचांवर असतो, आणि सगळे पुतळ्याकडे वळलेले असतात तेव्हा ती बाजू मोकळी मिळते. जाताना मॅनहॅटन डाव्या हाताला, पुतळा आणि न्यू जर्सी उजव्या, येताना उलट. जागा बदलायची गरज नाही.

उतरताना

खलाशांना टीप द्यायची रीत आहे, तिकिटाच्या १८ ते २० टक्के धरा. तिकिटात ती आधीच धरलेली नाही ना, तेवढं पावतीवर बघा. आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो घ्या, नावासकट साल दिसेल असा. उतरताना आईबाबांना पुढे सोडा, पण पुलावर एक जण त्यांच्या खाली राहा.

पाथ रात्रभर चालते, तेव्हा तिची घाई नाही. प्रश्न येतो तो मेट्रोपार्कला ठेवलेल्या गाडीचा. न्यू जर्सीत रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के आहे, आणि पाच ‘छोटे’ ग्लास झालेल्या माणसाने तिचा अंदाज स्वतः बांधू नये. गाडी कोण चालवणार ते तिकीट काढतानाच ठरवा, आणि न पिणाऱ्यासाठी कमी दराचं तिकीट आहे का तेही तेव्हाच विचारा.